विसावा आणि मुक्काम

आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, आईच्या औषधांच्या रिकाम्या डब्याशेजारी, एक चुंबळ ठेवलेली आहे. जुन्या धोतराच्या चिंध्यांना पीळ देऊन केलेले वेटोळे आणि त्यावर जाड सुताने शिवलेले गोणपाट, एवढाच तिचा ऐवज. मधल्या पोकळीत माझी मूठ मावते, आणि एका बाजूने ती इतकी दबून गेली आहे की दादा मान किंचित डावीकडे कलती ठेवून चालत असले पाहिजेत, हे ती पाहूनच कळते. दादा म्हणजे माझे वडील. वाडीबंदरच्या मालधक्क्यावर त्यांनी 31 वर्षे हमाली केली. वाघिणीतून माल काढायचा, फळीवरून तोल सांभाळत खाली यायचे, थप्पी लावायची आणि पुन्हा वाघिणीकडे वळायचे, असा तो दिवस असे. साखरेची गोणी त्या काळी 100 किलोंची येत असे; ती पाठीवर घेत. चुंबळ असे ती पेट्या, डबे आणि बोचकी यांच्यासाठी.

दादा मितभाषी होते, पण एक गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली आणि सांगताना प्रत्येक वेळी ते थोडे हसले. गोणी असेल तर थप्पीला पाठ लावून सोडून देता येते, तिचे काही बिघडत नाही. परंतु कपबश्यांची पेटी डोक्यावर असेल, तर माणूस ती घेऊन कोसभर जाऊ शकेल, पण एकट्याने खाली ठेवू शकणार नाही. वाकला तर पेटी निसटते आणि बसला तर मान मोडते. "डोक्यावरचं वझं आपलं आपल्याला उतरवता येत नाही, बाई," ते म्हणत, "कुणीतरी हात लावावा लागतो." धक्क्यावर दिवसभर हीच हाक ऐकू येई: हात लाव. चढवताना हात लाव, उतरवताना हात लाव. टोळीतला जो कोणी जवळ असेल तो हातातली विडी टाकून पुढे होई, कारण थोड्या वेळाने तीच हाक त्यालाही घालायची असे.

तमिळ मुलखात आणि केरळात जुन्या वाटांच्या कडेला दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड ठेवलेला दिसतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीचा तो दगड एकट्या वाटसरूला कोणाच्या मदतीवाचून ओझे सरकवून ठेवता यावे म्हणून उभारलेला असे. तमिळ भागात गरोदरपणी दगावलेल्या बाईच्या स्मरणार्थ तो बसवण्याची रीत होती. जिचे ओझे उतरायचे राहून गेले, तिच्या नावाने इतरांची ओझी उतरावीत, असा त्यामागचा भाव मी लावते. मुंबईच्या रस्त्यांवर असा दगड माझ्या पाहण्यात नाही. या शहराला थांबलेला माणूस अडचणीचा वाटतो. फलाटावरच्या बाकांनासुद्धा मध्ये लोखंडी दांडे बसवलेले असतात, म्हणजे कोणी आडवे होऊ नये.

आमच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर वचनाचे एक कॅलेंडर असे. त्याची वर्षे बदलत, पण दादांनी त्यातले एक पान कापून कायमचे चिकटवून टाकले होते: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातले हे अठ्ठाविसावे वचन. दादांचे वाचन जेमतेम होते आणि ते 'भाराकांत' असा उच्चार करत, त्यामुळे लहानपणी मला भाराकांत हे टोळीतल्या कोणा माणसाचे नाव वाटत असे. माझा तो समज अगदीच चुकीचा होता असे आता वाटत नाही, कारण दादाही त्याच समजुतीत होते. ते वचन हमालांना उद्देशून आहे आणि इतरांना फार तर उपचार म्हणून लागू पडत असावे, अशी त्यांची ठाम धारणा होती.

भायखळ्याच्या आमच्या देवळातला एक रविवार मला अजून लख्ख आठवतो. आदल्या रात्री धक्क्यावर मालगाडीचा रेक लागला होता. ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर व्यापाऱ्याला दंड बसतो, त्यामुळे मुकादमाने टोळीला रात्रभर जुंपले होते. दादा तिथूनच सकाळच्या उपासनेला आले. कपड्यांवर सिमेंटची भुकटी होती, चुंबळ हातात होती. ती बाकाखाली सरकवून ते मागच्या ओळीत बसले आणि पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्यालाच त्यांची मान छातीवर टेकली. उपदेशाच्या वेळी ते घोरू लागले. मी तेव्हा दहाअकरा वर्षांची होते. पुढच्या बाकावरच्या मुली वळून पाहत होत्या आणि मी लाजेने दादांना कोपराने ढोसत होते. पाळकसाहेबांनी उपदेश थांबवला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "झोपू दे त्यांना. बोलावलंय त्याचसाठी." मग त्यांनी उरलेला उपदेश इतक्या हलक्या आवाजात केला की पुढच्या दोन ओळींपलीकडे तो पोहोचला नसावा.

मुंबईच्या कामकऱ्याला रविवार आपोआप मिळालेला नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची एक सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांचा रविवार खंडोबाचाही होता. तरी बायबलच्या निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांतली शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा वाचली की मला त्यांची आठवण येते, कारण त्या आज्ञेत पूजाविधीविषयी जवळजवळ काहीच नाही. सातव्या दिवशी तू काम करू नकोस, आणि तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका यांनीही करू नये, कारण तू स्वतः मिसर देशात दास होतास हे विसरू नकोस, एवढेच ती सांगते. विटा पाडून पाडून पिचलेल्या लोकांना दिलेला तो कायदा आहे. दादांसारख्या माथाडींसाठी महाराष्ट्रात 1969 साली कायदा झाला, बोर्ड आले, हजेरी आणि मजुरीची नोंद होऊ लागली. दादा त्याविषयी बोलत तेव्हा त्यांच्या आवाजाला देवळातल्यासारखी धार येई.

हे सगळे मला फार उशिरा उमगले. मधल्या काळात मी त्या वचनावर रागावले होते.

दादा गेल्यानंतर तीन वर्षांनी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शुद्ध राहिली. मी तेव्हा फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरीला होते आणि आम्ही भांडुपला राहत होतो. भाऊ पुण्याला, तो पैसे पाठवी आणि दूरध्वनीवर रडे. दिवसभरासाठी बाई ठेवली होती, ती आली तर आली. रात्र माझी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, हे मला रुग्णालयातून निघताना सांगितले होते. दहा, बारा, दोन, चार आणि सहा हे रात्रीचे आकडे तेव्हापासून चार वर्षे माझ्या अंगात भिनून राहिले. दोन हातांनी आईला एका कुशीवर घ्यायचे, पाठीमागे उशी लावायची, खालची चादर ओढून तिची सुरकुती काढायची, कारण एका सुरकुतीनेही कातडी सोलते. मग वहीत वेळ लिहायची. सकाळी सातचाळीसची लोकल. तिथे उभ्याउभ्या मला झोप लागत असे, आणि गर्दी इतकी की पडायची भीती नव्हती.

त्या काळात एकदा आमच्याकडे पाहुणे वक्ते आले आणि त्यांनी नेमके हेच वचन घेतले. आपली ओझी प्रभूच्या चरणी ठेवा आणि रिकाम्या हातांनी घरी जा, असे त्यांनी मोठ्या ओघवत्या भाषेत सांगितले. मी मागच्या बाकावर, दादांच्या बाकावर, बसले होते. मी रिकाम्या हातांनी घरी गेले तर रात्री दोन वाजता आईला कोण उचलणार आहे, हा प्रश्न मला उभे राहून विचारावासा वाटला. विचारला नाही. आमच्या मंडळीत बायका उपदेश अडवत नाहीत, आणि शिवाय मला लवकर निघायचे होते. त्यानंतर कित्येक महिने ते वचन कानावर आले की माझे दात आपोआप आवळले जात. ज्याला स्वतःला मूलबाळ नाही, म्हातारे आईबाप सांभाळायचे नाहीत, असा तिशीतला माणूस म्हणतो की माझे ओझे हलके आहे, आणि आम्ही शेकडो वर्षे ते भिंतीवर लावतो, असेही मी मनात म्हटले आहे. नंतर लक्षात आले की हे बोलणारा सुताराच्या घरातला होता आणि आपल्या आईची सोय त्याने क्रूसावरून, श्वास घेणे जड होत असताना, लावली. पण ते नंतर.

जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन बसे. हे देऊळ 1718 साली उपासनेसाठी खुले झाले आणि त्याच्याकडे येणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरूनच चर्चगेट हे नाव पडले. आत भिंतीभर संगमरवरी स्मृतिफलक आहेत, बहुतेक कंपनी सरकारचे अधिकारी, कप्तान आणि त्यांच्या तरुणपणीच गेलेल्या बायका यांचे. त्यांचे सामानसुमान बंदरातून ज्यांनी डोक्यावरून वाहून आणले असेल त्यांची नावे अर्थातच तिथे नाहीत. मी तिथे प्रार्थना करत असे असे म्हणणे खोटे ठरेल. मी शिल्लक रजा मोजत असे. वरच्या पंख्यांचा आवाज ऐके, डबा न उघडताच परत जाई, आणि तरी तिथून उठताना पायऱ्या उतरेपर्यंत पाठ थोडी सरळ असे.

बदल झाला तो एका शब्दापासून. आषाढाचे दिवस होते. आईला वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा माझा रिवाज होता, कारण तिला सगळे समजत असे आणि डाव्या हाताच्या बोटांनी ती पसंती-नापसंती दाखवी. त्या दिवशी पालखीचे वेळापत्रक छापून आले होते. आमचे आजोळ वारीच्या वाटेवरच्या गावातले, त्यामुळे ख्रिस्ती घरातली असूनही आईला पालखी कुठे पोहोचली हे नेहमी हवे असे. मी वाचत होते: सकाळचा विसावा अमुक गावी, दुपारचा विसावा तमुक ठिकाणी, मुक्काम अमुक ठिकाणी. आणि वाचता वाचता मी थांबले. विसावा आणि मुक्काम यांसाठी वेगवेगळे रकाने होते. विसाव्याला पालखी टेकते, माणसे घाम पुसतात, भाकरी सोडतात, पायाचा फोड पाहतात आणि पुन्हा चालू लागतात. रात्री राहणे असते ते मुक्कामाला. भिंतीवरच्या पानावर प्रभूने काय देईन म्हटले आहे? विसावा.

आपल्या भाषेत विसावा हा शब्द ओझ्याला आणि वाटेला बांधलेला आहे. सुट्टी कचेरीतून मिळते, आराम डॉक्टर सांगतात, विश्रांती पंगतीनंतर घेतात. विसावा घेतो तो मात्र ज्याला अजून पुढे जायचे आहे तो. गावाकडे अंत्ययात्रेतही विसाव्याची जागा ठरलेली असते. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बाजू बदलतात आणि पुन्हा उचलतात. आजोबा गेले तेव्हा त्यांची पेटीही आमच्या लोकांनी त्याच ठिकाणी टेकवली होती. पिढीपूर्वी धर्म बदलला असला तरी वाट तीच होती आणि खांदेही तेच होते. मूळ ग्रीक शुभवर्तमानात इथे 'आनापाउओ' हे क्रियापद आहे, आणि त्याच्या पोटात 'थांबणे' याच अर्थाचा धातू आहे. येशू पुढे "तुमच्या जिवास विसावा मिळेल" असे म्हणतो, तेही यिर्मया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातून घेतलेले आहे. तिथे देव लोकांना चव्हाट्यावर उभे राहून जुन्या, चांगल्या वाटेची चौकशी करायला सांगतो. त्या वाटेने चाला, म्हणजे जिवाला विसावा मिळेल, असे म्हणतो. त्यावर लोक म्हणतात, आम्ही चालणार नाही. म्हणजे हा विसावा चालणाऱ्याला मिळायचा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या एका शेवटल्या शब्बाथाविषयी लिहिले आहे. माझ्या हिशेबी तो मुक्काम. मी इतकी वर्षे मुक्कामाची वाट पाहत होते, तो मिळत नाही म्हणून चिडत होते, आणि वाटेत टेकायला बोलावणारा आवाज ऐकत नव्हते.

हे कळले म्हणून रात्री दोनचा गजर थांबला असे नाही. पण त्याच पावसाळ्यात एका गुरुवारी दुपारी, मी रजेवर असताना, आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी दारात उभ्या राहिल्या. त्या निवृत्त परिचारिका. वय सत्तरीच्या आसपास, परळहून दोन गाड्या बदलून आलेल्या. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, आईच्या खाटेजवळ गेल्या, तिच्या टाचा पाहिल्या, आणि मला म्हणाल्या, "तू आता झोप." मी चहाचे विचारले. "चहा मला करता येतो." मी प्रार्थना करूया का म्हटले, कारण आमच्याकडे कोणी आले की प्रार्थना होतेच. "ती मी करते इथे. तू आत जाऊन पड." मी स्वयंपाकघरातल्या चटईवर आडवी झाले, आणि पहिला अर्धा तास केवळ बाहेरचे आवाज ऐकत राहिले: भांड्याचा, नळाचा, आईच्या घशातल्या खरखरीचा, आणि मावशींच्या गुणगुणण्याचा. मग काहीच ऐकू आले नाही. जाग आली तेव्हा काळोख पडला होता आणि माझ्या छातीत धस्स झाले. धावत बाहेर आले, तर आई दुसऱ्या कुशीवर होती, तिची वेणी घातलेली होती, आणि मावशी 'उपासना संगीता'चे पुस्तक मांडीवर ठेवून तिला एकेक गीत दाखवत होत्या. आई डाव्या हाताने हवे ते निवडत होती. वहीत चार आणि सहाच्या वेळा वेगळ्या अक्षरात लिहिलेल्या होत्या.

एलीयाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा सांगितली असेल. पण ती मला त्या संध्याकाळी प्रथम समजली. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. राणी जिवावर उठलेली, संदेष्टा पळून पळून थकलेला, एका झुडपाखाली बसून तो म्हणतो, पुरे झाले, परमेश्वरा, माझा प्राण घे. आणि झोपी जातो. त्याच्या या बोलण्याला देवाचे पहिले उत्तर काय? उपदेश नाही, दर्शन नाही, विश्वास कमी पडला अशी कानउघाडणी नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे, असे सांगतो. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोहोचतो आणि तिथे कुठे तो प्रसिद्ध मंद आवाज येतो. भाकर आणि झोप यांच्या आधी तो आवाज आला असता तर एलीयाला ऐकू आला असता का, मला शंका आहे.

मावशी दर गुरुवारी येऊ लागल्या. माझी रजा नसे तेव्हा दिवसाच्या बाईला सोडून त्या बसत आणि मी आले की तासभर मला झोपवत. एकदा मी रडवेली होऊन म्हटले की तुमचे उपकार कसे फेडू, तर त्या जरा रागानेच म्हणाल्या, "तुझ्यासाठी येते असं वाटतं तुला? ज्यानं मला पाठवलंय त्याला विचार." कोणी म्हणेल की हा शेजारधर्म झाला, यात ख्रिस्ताचे काय? शेजारधर्म मी कमी लेखत नाही. चाळीतल्या शेजाऱ्यांनी आईचे खूप केले. पण मावशी आमच्या शेजारी नव्हत्या, नात्यातल्या नव्हत्या, आणि खरे सांगायचे तर त्याआधी त्यांचे-माझे फारसे पटतही नव्हते. वर्गणीच्या हिशेबावरून आमचा एक जुना खटका होता. तरी त्या आल्या, याचा उलगडा मला दुसऱ्या कशाने होत नाही.

आणि त्या नसत तेव्हाचे काय, हाही प्रश्न होताच. आठवड्यात गुरुवार एक. एका रात्री, दोनच्या पाळीला, आईला वळवताना माझ्या कमरेत उसण भरली. ती अर्धी कुशीवर, मी वाकलेली, सोडता येईना आणि उचलता येईना. त्या क्षणी माझ्या तोंडून आपोआप जे निघाले ते दादांचे शब्द होते. "प्रभो, हात लाव." लांबलचक प्रार्थना मला कधीच साधल्या नाहीत, ही मात्र तीनच शब्दांची, आणि धक्क्यावरची. काही चमत्कार घडला नाही. मी श्वास घेतला, गुडघा खाटेला टेकवला, आई वळली. पण मी एकटी नव्हते. हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि आता तशी इच्छाही राहिलेली नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी मी तेच म्हणत असे, आणि आईला ते ऐकू जाई, कारण मी 'हात' म्हटले की तीही आपला चांगला डावा हात उचलून माझ्या खांद्यावर टाकू लागली. तेवढ्याने तिचे निम्मे वजन कमी होई.

विसाव्याच्या पाठोपाठच त्या वचनात जू येते, हे मात्र सोयीस्करपणे गाळले जाते. कॅलेंडरवाल्यांनीही ते गाळले होते. माझे जू आपणांवर घ्या, असे तो म्हणतो. थकलेल्याला बोलवायचे आणि त्याच्या मानेवर जू ठेवायचे, हा काय प्रकार आहे? त्याचे उत्तर मला आजोबांच्या गोठ्यात सापडते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असे. बैलांना न्हाऊ घालून, वर्षभर जुवाने घासलेले त्यांचे खांदे हळद आणि लोण्याने चोळत, आणि कानात सांगत: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या आजोबांनी पोळ्याची पूजा सोडली होती, पण खांदेमळणी सोडली नाही. देवाने सहा दिवसांनंतर बैलालाही सोडले आहे, मग आपण कोण, असे ते म्हणत. लोणी चोळताना ते एकेका बैलाच्या खांद्यावर तळहात फिरवून गाठ कुठे आली आहे ते पाहत, आणि त्याप्रमाणे सुताराकडून जू तासून घेत. एक बैल कमजोर असेल तर जुवाची बांधणी मधोमध न ठेवता ताकदवान बैलाकडे सरकवत. त्याच्या वाट्याला जुवाची आखूड बाजू येते आणि जास्त भार तो ओढतो, लांब बाजूच्या बैलाला हलके जाते. नांगर तोच, रान तेच, तास तेवढेच. "माझे जू सोयीचे" यातला सोयीचे हा शब्द जुन्या भाषांतरकारांनी फार जाणून वापरला असे मला वाटते. मुळात 'ख्रेस्तोस' आहे: भला, मायाळू, अंगाला नीट बसणारा. जिथे दुखते ते पाहून तासलेले, आणि ज्याच्या दुसऱ्या बाजूला तो स्वतः जुंपलेला आहे असे ते जू. त्या काळचे धर्मपंडित लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधून देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, असे हाच येशू पुढे तेविसाव्या अध्यायात म्हणतो. हात लावणे आणि न लावणे, एवढ्याच फरकावर त्याने त्यांना दोषी धरले, हे दादांना फार आवडले असते.

आई एका फेब्रुवारीत पहाटे गेली, सहाच्या पाळीला थोडा वेळ असताना. पुढचे दोन महिने मी रात्री दोनला उठत राहिले. मग मावशींचे गुडघे गेले आणि त्यांचे येणेजाणे थांबले. त्यांनी मला घरी बोलावून घेतले, एका कागदावर विक्रोळीचा पत्ता लिहून दिला आणि शनिवारची वेळ सांगितली. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकीकडे एकमेकांची ओझी वाहा म्हणतो आणि तीनच ओळी खाली प्रत्येकाने आपापला भार वाहावा असेही म्हणतो. हे कसे जुळवायचे, असे मी त्यांना विचारले. ग्रीकमध्ये तिथे दोन वेगळे शब्द आहेत, एक पेलवेनासे झालेल्या वजनासाठी आणि दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या बोजासाठी, हे मी वाचले होते आणि थोडे मिरवायचेही होते. मावशी म्हणाल्या, "शनिवारी जा, म्हणजे जुळेल."

विक्रोळीच्या त्या घरात एक निवृत्त गृहस्थ आपल्या पत्नीचे सारे एकट्याने करतात. तिला विस्मरण झाले आहे. ती त्यांना ओळखत नाही, पण ते नजरेआड झाले की घाबरते. पहिल्या शनिवारी त्यांनी मला पाहुण्यासारखे बसवले, सरबत दिले आणि दोन तास माझ्याशी महापालिकेच्या निवडणुकीवर बोलले. दुसऱ्या शनिवारी मी सरबत नको म्हटले. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना आत जाऊन पडायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले की दिवसा झोपायची मला सवय नाही, आणि खुर्ची ओढून दारातच बसले, हातात तिच्या कपड्यांच्या घड्या घेऊन. मी त्यांच्या पत्नीजवळ बसून तिच्या बोटांत लोकरीचा गुंडा दिला. ती तो उलगडत होती, मी गुंडाळत होते. बाहेर कोणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी झाली. वळून पाहिले तर त्यांची मान छातीवर टेकली होती आणि घडी घातलेला झंपर मांडीवरून घसरू लागला होता. तो पडू नये म्हणून मी उठणार होते, पण खुर्चीशी गेले तर त्यांना जाग येईल असे वाटले, आणि मी तशीच बसून राहिले.